पंखा थांबायच्या आधी

(दृश्य : आरशावरून ओघळणारा थेंब, अगदी जवळून)

हा थेंब बघा. आरशाच्या वरच्या कडेला जमला, शेजारच्या दोघांना पोटात घेऊन जड झाला आणि निघाला खाली. त्याच्या मागे एक स्वच्छ रेघ उरली. बाकी आरसा अजून पांढराच.

सकाळचे साडेसात. ठाण्यातल्या एका इमारतीचा चौथा मजला, जुलै महिना. घरातली तिसरी आंघोळ आत्ताच उरकली. बाहेर येणाऱ्यानं सवयीनं बटण बंद केलं. दिवा गेला, आणि त्याच बटणावर जोडलेला एक्झॉस्ट फॅनही थांबला.

खरं तर त्याचं काम आत्ता कुठे सुरू व्हायचं होतं. नळ बंद झाला तरी ओली फरशी, टाइल्स, दारामागचा टॉवेल, सगळ्यांतून वाफ निघतच असते. पुढचा अर्धा तास तरी. ती या पाच बाय आठच्या खोलीतच कोंडून राहते आणि जिथे गार पृष्ठभाग सापडेल तिथे पुन्हा पाणी होऊन बसते.

(दृश्य : छताचा कोपरा, काळे ठिपके, खालून फुगलेलं दार)

बुरशी, पोपडे, फुगलेलं दार. घरात दम्याचं माणूस असेल तर त्याला याचा त्रास अधिक.

(दृश्य : खिडकीबाहेर पाऊस, हातात छोटा आर्द्रतामापक)

"पावसाळ्यात बाहेरचीच हवा ओली, मग पंखा लावून काय फरक पडणार?" आम्ही गेलो त्या प्रत्येक घरात हे ऐकलं. म्हणून मोजून पाहिलं. आंघोळीनंतर आत तापमान 32 अंश, आणि हवा वाफेनं तुडुंब. अशा हवेत दर घनमीटरला सुमारे 34 ग्रॅम पाणी असतं. बाहेर, भर पावसात, 27 अंश आणि 90 टक्के आर्द्रता, म्हणजे सुमारे 23 ग्रॅम. आतली हवा जाऊन ही ओली म्हणवणारी हवा आली, तरी दर घनमीटरमागे 11 ग्रॅम पाणी घराबाहेर पडलं. फरक पडतो. पंख्याला तेवढा वेळ मात्र द्यायला हवा, म्हणून दिवा विझल्यावरही त्याला चालू ठेवणारा टायमर बसवायचं ठरलं.

(दृश्य : वायरमनचे हात, स्विचबोर्डचे स्क्रू)

वायरमनकाकांनी आधी एमसीबी, म्हणजे त्या सर्किटची वीज तोडणारा खटका, खाली पाडला. मग टेस्टर हॉलमधल्या चालू पॉइंटला लावून पाहिला. पेटला. म्हणजे टेस्टर धड आहे. आता तोच बाथरूमच्या बोर्डात लावला. पेटला नाही. त्यानंतरच हात आत गेला. पाण्याच्या जागेचं काम आहे, आणि ही दोन मिनिटं कुणीही वाचवू नयेत. त्यांनी मेन बोर्डवरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा खटका, तोही टेस्टचं बटण दाबून पाहिला. 30 मिलिअँपिअरचा, लगेच पडला.

"ताई, पंख्यापर्यंत तीनच वायरी गेल्यात. लाल, काळी आणि अर्थिंगची हिरवी. टायमर वर पंख्यात बसवायचा तर चौथी लागणार. पाइपात वायर ओढायची स्प्रिंग जाईल का, बघावं लागेल. नाहीतर भिंत फोडा."

भिंत फोडली नाही. टायमर खाली बोर्डातच बसवला, कारण त्याला जे लागतं ते सगळं इथेच आहे.

(दृश्य : टायमरची काडेपेटीएवढी डबी, तिचे चार स्क्रू)

पहिल्या स्क्रूवर कायम फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, बटणाच्या आधीची, दिवा बंद असला तरी जिवंत राहणारी. दुसऱ्यावर न्यूट्रल, वीज परत नेणारी वायर. तिसऱ्यावर दिव्याच्या बटणातून बाहेर पडणारा फेज. हा फक्त निरोप्या, दिवा लागला की विझला एवढंच टायमरला सांगतो. चौथ्या स्क्रूवरून पंख्याकडे जाणारी लाल वायर. हिरवी वायर पंख्याच्या लोखंडी चौकटीला जोडलेलीच होती, ती तशीच ठेवली. दिवा लागला की पंखा सुरू. दिवा विझला की पंखा कायम फेजवर चालत राहतो, 20 मिनिटं, आणि मग आपला आपण थांबतो.

बोर्डात गीझरची जाड वायरही होती. "फेज तिथूनच घ्या ना, हाताशी आहे," असं कुणीतरी म्हणालं. काकांनी मान हलवली. गीझरचं सर्किट वेगळं, त्याचा एमसीबी वेगळा. फेज एका सर्किटचा आणि न्यूट्रल दुसऱ्याचा घेतला, तर पुढे कधीतरी कुणी एक एमसीबी पाडून निर्धास्तपणे हात घालेल, आणि वायर जिवंत असेल.

आर्द्रता ओळखून चालणारा सेन्सर का नाही लावला? पुण्या-नाशिकच्या कोरड्या हिवाळ्यात तो छान चालेल. इथे मात्र 60 टक्क्यांवर लावलेला सेन्सर जूनमध्ये सुरू होईल आणि पावसाळाभर थांबायचं नाव घेणार नाही. कोकणपट्टीत टायमरच बरा.

(दृश्य : व्हेंटिलेटरची काच, जाळीवर धरलेला टिश्यू पेपर)

वायरिंग झालं, पंख्याच्या जाळीवर धरलेला कागदही चिकटला, म्हणजे पंखा हवा ओढत होता. तरी खोलीतली वाफ हटेना. कारण पंख्याशेजारीच होतं. व्हेंटिलेटरच्या दोन काचपट्ट्या उघड्या होत्या. पंखा डक्टमध्ये फेकत होता तीच हवा शेजारच्या फटीतून परत ओढत होता. खोलीतली हवा जागची हलत नव्हती. तिथे अ‍ॅक्रिलिकचा तुकडा बसवला, दाराखाली बोटभर फट ठेवली, आणि हवा दाराखालून आत येऊन खोली ओलांडून पंख्याकडे जाऊ लागली.

बाथरूममध्ये गॅस गीझर असेल, तर या पंख्याच्या भरवशावर राहू नका. तो गीझर बाहेरच हवा; कार्बन मोनॉक्साइडनं माणसं दगावतात.

विजेचं म्हणाल, तर 40 वॉटचा पंखा. तीन आंघोळींचे जादा 20-20 मिनिटं धरून दिवसाला एक तास. एक युनिट जळायला 25 दिवस लागतात.

(दृश्य : दुसऱ्या दिवशीची सकाळ, बटणावर हात, दिवा विझतो)

बाथरूममध्ये अंधार. पंख्याचा आवाज चालू.

(दृश्य : आरसा, स्थिर कॅमेरा, वेग वाढवलेला)

धुकं आधी खालच्या कोपऱ्यातून सरकलं, दाराच्या बाजूनं. मग मधून. आता टॉवेलचा निळा पट्टा आरशात दिसतोय.

(पंखा थांबतो.)