शरणपूर ते मोंबासा: मिशनरी कुटुंबाचं पहिलं वर्ष

[नकाशा: नाशिक, मुंबई, मोंबासा]

नमस्कार मंडळी. शरणपूर रोड माहीत नाही असा नाशिककर सापडायचा नाही. पण ते शरणपूर आलं कुठून? 1854 मध्ये चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी ही वसाहत उभी केली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे राहून शिकायची. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. 1873 मध्ये आफ्रिकेत फिरणारे प्रसिद्ध मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन तिथेच वारले, तेव्हा दफनविधीची प्रार्थना त्यानेच वाचली. पुढे 1875 मध्ये प्राइस यांनी केनियातल्या मोंबासासमोर फ्रिअर टाउन ही सुटका झालेल्या गुलामांची वसाहत वसवली, तेव्हा नाशकात शिकलेली अशी बरीच माणसं तिथे गेली. म्हणजे हा रस्ता दीडशे वर्षांचा आहे. आज आपल्याकडचं एखादं कुटुंब त्याच रस्त्याने सेवेला निघालं, तर त्याचा दिवस कसा जातो ते आज बघू.

आधी एक गैरसमज काढून टाकू. केनियात 2019 च्या जनगणनेत सुमारे 85 टक्के लोक ख्रिस्ती होते. तिथे चर्च म्हणजे काय हे सांगायला जाणं म्हणजे येवल्याला पैठणी विकायला नेणं. कामाला येतो तो नर्स, शिक्षक, हिशेब लिहिणारा, नळ-वायरिंग जाणणारा माणूस, आणि तोही तिथल्या पाळकांच्या हाताखाली.

कागदपत्रं. 2024 पासून पर्यटकांना केनियात ऑनलाइन प्रवास-परवानगी घ्यावी लागते. तेवढ्यावर सेवा करता येत नाही. धार्मिक आणि धर्मादाय कामासाठी 'वर्ग आय'चा परवाना लागतो, आणि त्यासाठी तिथली नोंदणीकृत संस्था तुमच्या पाठीशी हवी. पती-पत्नीपैकी एकाच्या नावावर परवाना असेल, तर दुसऱ्याला डिपेंडंट पास मिळतो. त्या पासवर नोकरी करता येत नाही. घराचा हिशेब दोन पगारांवर मांडणारे इथेच अडकतात.

[कॅमेरा जवळ: पिवळी पुस्तिका]

ही पुस्तिका नीट बघा. पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लशीचा दाखला. नाव पासपोर्टवरच्यासारखं हवं, लशीची तारीख हवी, केंद्राचा शिक्का हवा. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, मुंबईत अशी केंद्रं आहेत. एकच डोस, आणि 2016 पासून दाखला जन्मभर चालतो. पण तो लागू होतो लशीनंतर 10 दिवसांनी. खरी गोची जाताना होत नाही, परतताना होते. केनियाहून येणाऱ्याकडे हा दाखला नसेल, तर भारतात 6 दिवसांपर्यंत विलग ठेवतात. 9 महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देत नाहीत. अंड्याची जोरदार अ‍ॅलर्जी असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

बॅगेत काळा मसाला भरा, तो तिथे मिळणार नाही. तूरडाळ भरू नका. मोंबासात भारतीय दुकानं आहेत, आणि तूर तर तिथल्या लोकांच्या नाश्त्यात असते: नारळाच्या दुधात शिजवलेली म्बाझी. पापड-मसाले बांधलेल्या प्लास्टिकच्या कॅरीबॅगा मात्र निघण्याआधीच काढून टाका. 2017 पासून केनियात त्यांच्यावर बंदी आहे.

आता घर. हवा मुंबईची समजा, नाशिकची नाही. बऱ्याच वस्त्यांत नळाचा भरवसा नसतो, पाणी 20 लिटरच्या कॅनमधून हातगाडीवर येतं. चौघांच्या पिण्याला आणि स्वयंपाकाला रोजचा एक कॅन धरा, आंघोळ-धुणं वेगळं. पिण्याचं पाणी खळखळून उकळी आल्यावर पूर्ण एक मिनिट उकळू द्यायचं. विहिरीचं पाणी बऱ्याचदा मचूळ असतं, आणि उकळल्याने मीठ जात नाही. त्या जड पाण्यात डाळही शिजत नाही. शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी दाणा टणकच, आणि दोष कुकरच्या रिंगला. डाळीला पिण्याचंच पाणी घाला.

मच्छरदाणीवर जरा थांबतो. 1844 मध्ये योहान क्राफ हे मिशनरी कुटुंबासह मोंबासाला आले आणि काही महिन्यांतच पत्नी आणि तान्ही मुलगी तापाने गेली. हा ताप डासामुळे येतो हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादला डासात मलेरियाचा परजीवी सापडला तो 1897 मध्ये. आपल्याला ठाऊक आहे, तरी चूक होते ती अशी: दाणी झोपताना सोडतात, तोवर डास आत. दिवेलागणीआधीच सोडा आणि कडा गादीखाली खोचा. हात-पाय जाळीला टेकले तर डास बाहेरूनच चावतो, म्हणून दाणी ऐसपैस घ्या. औषध लावलेली दाणी साध्या साबणाने धुवा आणि सावलीत वाळवा. उन्हात औषध उतरतं. ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा, नुसत्या पॅरासिटामॉलवर ढकलू नका. नाशकात परतल्यावर काही महिन्यांनी जरी ताप आला, तरी डॉक्टरांना 'केनियात होतो' हे आधी सांगा.

तिथली भाषा स्वाहिली. ती सोपी वाटते, कारण अर्धी ओळखीची. दुकानाला दुका, हिशेबाला हेसाबू, गाडीला गारी, पैशाला पेसा. तिथला सगळा व्यवहार मोबाइलवरून पैसे पाठवायच्या ज्या एम-पेसावर चालतो, त्यातला 'पेसा' तो हाच. पण किताबू म्हणजे पुस्तक आणि अनेकवचन विताबू. शब्द शेपटाला नाही, डोक्याला बदलतो. मोठ्यांना भेटल्यावर 'शिकामो' म्हणायचं, ते 'माराहाबा' म्हणतात. हे मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवा. त्याने जेवढी दारं उघडतात तेवढी प्रवचनाने उघडत नाहीत.

घड्याळ सगळ्यांना चकवतं. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. 'सा तातू' म्हणजे शब्दशः तीन, पण अर्थ सकाळचे नऊ. सहाचा फरक धरा. प्रार्थनासभा 'सा नाने'ला, म्हणजे आठला, असं ऐकून सकाळी आठला पोचलात तर दाराला कुलूप. सभा दुपारी दोनला.

शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं. आपल्या सवयीने जूनमध्ये मुलं नेलीत तर ती अर्ध्या वर्षात जाऊन पडतात, आणि स्वाहिलीच्या पेपरात आपटतात.

उरली घरची प्रार्थना, आणि ती मुळीच शेवटची गोष्ट नाही. सहा महिन्यांत मुलं इंग्रजीत बोलू लागतात, आईबाप थकलेले असतात, मग प्रार्थनाही इंग्रजीत होते आणि मराठी हळूच गळून पडते. उपाय साधा आहे: रोज सकाळी पाण्याची गाडी यायच्या आधी पंधरा मिनिटं. एक स्तोत्र मराठीतून, ते मुलांनी मोठ्याने वाचायचं, आईबापांनी नाही. तेच स्वाहिलीतून, ते आईबापांनी वाचायचं, आणि चुका मुलांनी काढायच्या. मग एक मराठी भजन, पाठ असलेलंच, पुस्तक न उघडता.

रविवारी नाशिकच्या मंडळीशी व्हिडिओ कॉल ठरवाल, तर भारत अडीच तास पुढे आहे हे धरा. इथे उपासना नऊला, तर तिथे सकाळचे साडेसहा. शेजारीण विचारेल, कितीला उठायचं? तिला सांगा, सा कुमी ना म्बिली ना नुसू. म्हणजे साडेबारा.