वाटी कोण हलवतं?

मंडळी, आजच्या व्याख्यानासाठी तीन शब्द जाहीर झालेत: टेलिपथी, एक्टोप्लाझम आणि इडिओमोटर. मी तिसऱ्यापासून सुरू करतो. हा शब्द आमच्या घरात कुणाला माहीत नव्हता, आणि त्यामुळे माझ्या आत्यानं फार सोसलं.

प्लँचेट, म्हणजे मेलेल्याच्या आत्म्याला बोलावून प्रश्न विचारणं, तुमच्यापैकी अनेकांनी केलंय. हॉस्टेलवर, दिवे गेल्यावर. हसताय, म्हणजे केलंय! फ्रेंचमध्ये प्लँचेट म्हणजे छोटी फळी. तिला चाकं असायची आणि एक पेन्सिल. आपण फळी सोडून वाटी घेतली, नाव तेवढं ठेवलं. आमच्याकडे कॅरमबोर्ड होता, त्यावर भरपूर पावडर आणि कडेनं खडूनं काढलेली ए ते झेड अक्षरं. देवनागरी नाही, कारण काना-मात्रा आणि जोडाक्षरं वाटीनं दाखवायची कशी?

काकांना, म्हणजे आत्याच्या यजमानांना, जाऊन महिना झाला होता आणि विम्याचे कागद सापडत नव्हते. आत्या, शेजारच्या काकू आणि मी, तिघांची बोटं पालथ्या वाटीवर. आत्यानं विचारलं, "अहो, कागद कुठे ठेवलेत?" वाटी थरथरली, मग सरळ निघाली. टी, आर, ए, एन, के. माळ्यावरची ट्रंक काढली. तळाच्या वर्तमानपत्राखाली कागद होते.

त्या रात्री आत्या रडली, पण समाधानानं. सकाळी दीर म्हणाले, "वहिनी, कागद तुम्हीच ठेवले होते. नाटक कशाला केलंत?" आत्या देवाशपथ सांगत राहिली, की मी वाटी ढकलली नाही. पुढे वीस वर्षं लग्नकार्यात हा विषय निघाला की ती उठून स्वयंपाकघरात जायची.

ती गेल्यावर तिची वही माझ्या हाती आली. एका बदलीच्या वेळची सामानाची यादी होती, इंग्रजीत, तिच्या अक्षरात. पहिलीच ओळ: ट्रंक. स्पेलिंगमध्ये 'यू'च्या जागी 'ए'. काका कचेरीत कारकून होते, त्यांची अशी चूक झाली नसती. वाटीनं आत्याचं स्पेलिंग लिहिलं होतं. आणि तरीही आत्या खरंच बोलत होती.

हे कसं? 1852 साली विल्यम कार्पेंटर या इंग्रज शरीरशास्त्रज्ञानं इडिओमोटर हा शब्द दिला: मनातल्या कल्पनेनंच, आपल्याला कळू न देता, स्नायू हलतात. पुढच्याच वर्षी इंग्लंडात टेबलं फिरवण्याचं वेड पसरलं: माणसं टेबलावर हात ठेवून बसायची आणि टेबल आपोआप फिरतंय असं म्हणायची. शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेनं ते तपासलं. टेबलावर त्यानं पुठ्ठ्यांचे थर ठेवले, मध्ये सैल चिकटा लावला. टेबल हातांना ओढत असेल तर खालचा पुठ्ठा आधी सरकायला हवा. सरकला वरचा. मग हाताचा जोर दाखवणारा काटा लावला. बसलेल्यांना तो काटा दिसू लागताच टेबल थांबलं. ती माणसं लबाड नव्हती, हे फॅरडेनंही मान्य केलं.

आपल्याकडे मात्र दोनच पर्याय: आत्मा आला, नाहीतर कुणीतरी ढकललं. तिसरा शब्दच नाही. अंगात येणाऱ्या बाईलाही आपण याच दोन खणांत कोंबतो.

घड्याळाकडे खूण झालीय, उरलेलं भराभर सांगतो. टेलिपथी, म्हणजे एकाच्या मनातलं दुसऱ्याला न बोलता कळणं. हा शब्द अशा गूढ गोष्टींचा अभ्यास करणाऱ्या फ्रेडरिक मायर्सनं 1882 साली घडवला, ग्रीकमधून: दूरची अनुभूती. उचकी लागली की कोण आठवण काढतंय असं आपण विचारतो, ती ओढ हीच. पण ठाम पुरावा आजवर नाही. एक्टोप्लाझम म्हणजे माध्यमाच्या, म्हणजे आत्म्यांशी बोलतो असं सांगणाऱ्या माणसाच्या, शरीरातून निघणारा म्हणे एक पदार्थ. हे नाव दिलं शार्ल रिशेनं, ज्याला 1913 साली वैद्यकाचं नोबेल मिळालं. हेलन डंकन या स्कॉटिश माध्यम बाईंचं एक्टोप्लाझम हॅरी प्राइस या अशा दाव्यांची तपासणी करणाऱ्या माणसानं 1931 साली तपासलं, आणि ते गिळून परत काढलेलं विरविरीत कापड असल्याचा निष्कर्ष काढला. इथे फसवणूक होती. आत्याच्या वाटीत नव्हती. दोन्हींना एकच 'थोतांड' शब्द लावू नका, एवढंच माझं मागणं.

इडिओमोटरला मी सध्या 'नकळतचाल' म्हणतो. याहून चांगला शब्द सुचला तर चिठ्ठीवर लिहून द्या, मला तो हवाय.