जमीन मुबलक, माणसं कमी: व्हर्जिनियाची तंबाखू वसाहत

१६१७ साली सॅम्युअल आर्गॉल गव्हर्नर म्हणून कारभार हाती घ्यायला जेम्सटाउनला, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीच्या मुख्य गावी पोचला, तेव्हा बाजाराच्या जागेत आणि रस्त्यांवरसुद्धा तंबाखू लावलेला होता. याच गावात सात-आठ वर्षांपूर्वी माणसं उपासमारीनं मेली होती. त्याच्या आधीच्या एका गव्हर्नरनं तर हुकूमच काढला होता: आधी दोन एकर मका, मग तंबाखू. ऐकतो कोण?

तिथला देशी तंबाखू जहाल. जॉन रॉल्फ या वसाहतवाल्यानं १६१२च्या सुमारास कॅरिबियनकडचं सौम्य बी लावलं आणि लंडनमध्ये गिऱ्हाईक मिळालं.

पण हे पीक हात मागतं. रोपं तयार करा, लावणी करा, शेंडे खुडा, बगलफूट काढा, अळ्या वेचा, पानं वाळवा, पिंपांत दाबून भरा. तीन-चार वर्षांत जमिनीचा कस जायचा, की पुढचं रान तोडायचं. रान पोव्हाटन या तिथल्या मूळ रहिवाशांचं. मार्च १६२२मध्ये त्यांनी उलटा हल्ला केला. ३४७ वसाहतवाले मारले गेले. तरी मळे पसरतच राहिले.

जमीन अशी मिळाली. माणसं कुठून आणायची? १६१८पासून नियम झाला: स्वखर्चानं माणूस आणा, माणशी ५० एकर घ्या. येणारा गरीब तरुण जहाजाच्या भाड्यापायी चार ते सात वर्षं राबायचा. जमीन मात्र भाडं भरणाऱ्याची! बायका इतक्या कमी, की १६२१मध्ये वसाहत चालवणाऱ्या व्हर्जिनिया कंपनीनं इंग्लंडहून वधू पाठवल्या. नवऱ्यानं एकीमागे दीडशे पौंड वजनाचा उत्तम तंबाखू मोजायचा. कर, दंड, पाद्र्याचा पगार, सगळं तंबाखूतच चालायचं.

आणि माणसं टिकत नव्हती. १६२४पर्यंत सहा हजारांच्या आसपास लोक आले. १६२५च्या गणतीत उरले जेमतेम बाराशे. ताप, हगवण, उपासमार.

१६१९मध्ये ‘व्हाइट लायन’ जहाजानं वीसेक आफ्रिकी माणसं आणून विकली. सुरुवातीला त्यांतल्या काहींना सुटका मिळाली, जमीनही मिळाली. ती वाट पुढं बंद होत गेली. १६६२चा कायदा: आई गुलाम, तर मूल गुलाम. म्हणजे मजूर आता मालकाच्या घरीच जन्माला येणार. १६७६मध्ये नॅथॅनियल बेकन या मळेवाल्यानं गव्हर्नरविरुद्ध केलेल्या बंडात गोरे नोकर आणि काळे गुलाम एकत्र लढले, जेम्सटाउन जाळलं गेलं. शतक संपता संपता इंग्लंडहून नोकर येणं आटलं आणि मळेवाल्यांनी गुलामांची खरेदी वाढवली.

१७०५मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळानं वारसाहक्कासाठी गुलामांची नोंद स्थावर मालमत्तेत केली. जमिनीच्याच रकान्यात.