सुपारीचा गणपती, खोक्याची लोकल

(दृश्य: ठाणे, नौपाडा. घराचा एक कोपरा. चपलांचं रिकामं खोकं, डबीचं झाकण, जास्वंदीचं फूल.)

चार वर्षांची मुलगी खोकं फरशीवरून ढकलते आहे. ही लोकल. मुलुंड गेलं, ठाणं आलं. आत झाकणाचा बाप्पा, खिडकीपाशी बसलेला.

बाहेरच्या खोलीत पूजा मांडली आहे. तांदळावर सुपारी ठेवली, आवाहन झालं, आणि सुपारी गणपती झाली. ‘ही तर सुपारी!’ असं कुणी म्हणालं नाही. खोक्याला लोकल मानणारं मनही हेच. म्हणून तिच्या खेळालाही तेवढाच मान हवा.

लेव वायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने १९३३ सालच्या व्याख्यानात काठीच्या घोड्याची गोष्ट मांडली. कोणतीही काठी मुलासाठी घोडा होते, पोस्टकार्ड होत नाही. कारण काठीवर मांड टाकता येते. वस्तू हाताळता आली की कल्पना तिच्यावर स्वार होते. बटण दाबताच आरती म्हणणाऱ्या बाप्पासमोर मुलाला करायला काहीच उरत नाही.

म्हणून वस्तू साध्या द्या: पाट, जुनी ओढणी, दोन वाट्या, घासून गुळगुळीत केलेली करवंटी, खोकी. आठ-दहा पुरतात, पसारा वाढला की मूल नुसतं उचलतं आणि टाकतं. १९४५ साली बोर्डीला, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडी सुरू केली, तिथेही शिंपले, बिया, पानं हीच साधनं होती. मात्र तीन वर्षांखालच्या मुलांना सुपारी, मणी, साडेचार सेंटीमीटरहून लहान काहीही नको, घशात अडकतं. निरांजन पेटवू नका. त्यात झेंडूची पाकळी उभी केली की ज्योत झाली.

(दृश्य: शाडूने माखलेले लहान हात.)

श्रावणात शाडू आणा. एका मुलाला पाव किलो पुरे. पाणी चमच्याचमच्याने घाला; गोळा नीट वळू लागला की, हाताला चिकटायच्या आत थांबा. सोंड नुसती दाबून बसवली तर वाळल्यावर गळून पडते. जोडाच्या दोन्ही बाजूंना काडीने रेघोट्या ओढा, पातळ शाडूचा लेप लावा, मग दाबा. उन्हात वरचा थर आधी आकसतो आणि तडे जातात, म्हणून मूर्ती सावलीत वाळू द्या. पावसाळी हवेत चार-पाच दिवस सहज लागतात. सोंड वाकडी असेल, तर असू द्या. ती सरळ करायला मोठ्यांचा हात लागला की मूर्ती त्यांची होते.

‘बाप्पाला थंडी वाजतेय,’ असं मूल म्हणालं, तर ‘मग काय करूया?’ एवढंच विचारा. ‘तो कुठे राहतो, सांग बघू,’ ही परीक्षा झाली. फोन समोर धरला की खेळ थांबतो आणि कार्यक्रम सुरू होतो.

खेळ मध्येच उचलू नका. विसर्जनाआधी उत्तरपूजा असते, मूर्ती जागेवरून किंचित हलवतात. देवालाही आपण निघण्याची सूचना देतो. मुलालाही पाच मिनिटं आधी सांगा. लोकल यार्डात लावू द्या.

(दृश्य: बादलीतलं पाणी गढूळ होत जातं.)

न रंगवलेली, न भाजलेली ही लहान मूर्ती काही तासांत विरघळते. ‘बाप्पा कुठे गेला?’ उत्तराची घाई नको; बादलीपाशी बसून राहा. दुसऱ्या दिवशी वरचं पाणी ओतून द्या. तळाची माती कापडावर काढून आटू द्या.

(दृश्य: तोच गोळा, तेच हात. या वेळी इंजिन.)