टेबलाची रचना बदलली, आता ट्रिगर तपासा

नमस्कार. आजचा विषय डेटाबेसमधल्या ट्रिगरचा आहे आणि तो मी मासळीच्या आवकेचे उदाहरण घेऊन मांडणार आहे. टेबलात ओळ पडली, बदलली किंवा निघाली की डेटाबेस आपोआप जे काम करतो, त्याला ट्रिगर म्हणतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. हर्णे, मिरकरवाडा, मालवण अशा बंदरांत तेव्हा नौका शाकारून ठेवलेल्या असतात, आणि एखाद्या मच्छीमार सहकारी संस्थेला आपल्या संगणकावरील नोंदींची रचना बदलायची असेल तर तिलाही हेच दिवस सोयीचे वाटतात. मात्र ट्रिगर हा नोंद पडल्याशिवाय चालतच नाही. त्यामुळे जूनमध्ये राहून गेलेली त्रुटी ऑगस्टमधल्या पहिल्या आवकेला समोर येते, आणि त्या वेळी तांडेल हिशेबासाठी खिडकीशी उभा असतो.

(पडद्यावर: ‘आवक’ टेबल)

आपले टेबल साधे आहे. त्यात नौका क्रमांक, मासळी, वजन, दर आणि वेळ असे कॉलम आहेत. त्यावर दोन ट्रिगर आहेत. नवी ओळ आली की पहिला ट्रिगर ‘नौका_हिशेब’ या टेबलात त्या नौकेची रक्कम वाढवतो. एखादी ओळ दुरुस्त केली की दुसरा ट्रिगर जुनी ओळ ‘आवक_इतिहास’ या टेबलात जपून ठेवतो. बंदीच्या काळात संस्थेने ठरवले की बर्फ वजा जाऊन उरलेले वजन वेगळे दिसावे. म्हणून ‘वजन’ या कॉलमचे नाव ‘निव्वळ_वजन’ केले आणि ‘बर्फ_वजन’ हा नवा कॉलम जोडला. टेबलाची रचना बदलणारी ऑल्टर टेबलची आज्ञा विनातक्रार पार पडली.

ती विनातक्रार का पार पडली, हे समजले की पुढचे सगळे उलगडते. मी पोस्टग्रेस हा डेटाबेस धरून बोलतो आहे. तिथे ट्रिगर दोन भागांत राहतो. कोणत्या टेबलावर, कोणत्या घटनेला, कोणत्या अटीवर चालायचे हा पहिला भाग. त्याची नोंद डेटाबेस कॉलमच्या नावाने न ठेवता कॉलमच्या अंतर्गत क्रमांकाने ठेवतो, त्यामुळे नाव बदलले तरी ट्रिगरची ‘व्हेन’ अट आपोआप नव्या नावाने दिसू लागते. दुसरा भाग म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे फंक्शन. पीएल-पीजीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या भाषेत लिहिलेल्या फंक्शनचा मजकूर मात्र जसाच्या तसा साठवलेला असतो. त्यात ‘न्यू.वजन’, म्हणजे नव्या ओळीतले वजन, असे लिहिले आहे, हे नाव बदलण्याच्या क्षणी डेटाबेस वाचून पाहत नाही. अट सुधारलेली दिसते म्हणून फंक्शनही सुधारले असेल असा समज होतो, आणि बहुतेक गोंधळ इथेच सुरू होतो.

मग १ ऑगस्टनंतर पहिली नोंद टाकताच त्रुटी येते की ‘न्यू’ या रेकॉर्डला ‘वजन’ नावाचे फील्ड नाही. तिचा सांकेतिक क्रमांक ४२७०३ आहे. ट्रिगर मूळ नोंदीच्याच व्यवहारात, म्हणजे एकत्र पक्क्या किंवा एकत्र रद्द होणाऱ्या आज्ञांच्या गटात, चालत असल्यामुळे त्याच्यासोबत मूळ नोंदही रद्द होते. कारकुनाला वाटते की आवकेचा फॉर्म बिघडला, आणि शोध चुकीच्या दिशेने जातो. म्हणून त्रुटीची पहिली ओळ वाचून थांबू नका. तिच्याखाली ‘कॉन्टेक्स्ट’ अशी ओळ असते आणि तिच्यात फंक्शनचे नाव व आतील ओळीचा क्रमांकही दिलेला असतो.

ही बोलकी त्रुटी झाली आणि माझ्या मते ती चांगली, कारण ती काम थांबवते. मला खरी काळजी वाटते ती गप्प बसणाऱ्या ट्रिगरांची, कारण तिथे आवक नोंदली जाते, पावती निघते, सगळे सुरळीत दिसते आणि नौकेच्या हिशेबात मात्र पैसे चढत नाहीत.

इतिहासाचा ट्रिगर पाहा. पुष्कळ ठिकाणी तो कॉलमची नावे न लिहिता ‘ओल्ड’च्या, म्हणजे जुन्या ओळीच्या, पुढे तारा (*) देऊन सगळी ओळ एकदम ओततो. ‘बर्फ_वजन’ फक्त मुख्य टेबलात जोडले आणि इतिहासात जोडायचे राहिले, तर मूल्ये जास्त आणि जागा कमी अशी त्रुटी तरी येते. पण समजा, पुढे ‘क्रेट_वजन’ही जोडले. मुख्य टेबलात आधी बर्फ आणि मग क्रेट असा क्रम लागला, इतिहासात नेमका उलटा लागला. पोस्टग्रेस नवा कॉलम नेहमी शेवटीच जोडतो, त्यामुळे ज्या क्रमाने आज्ञा दिल्या तोच क्रम कायम राहतो. दोन्ही कॉलम संख्येचेच आहेत, म्हणून प्रकार जुळतो, त्रुटी येत नाही आणि बर्फाचे वजन क्रेटच्या रकान्यात वर्षानुवर्षे साठत राहते. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये तर कॉलम मधेच घालण्याची सोय आहे, तिथे हा धोका आणखी वाढतो. ट्रिगरमध्ये कॉलमची नावे एकेक करून लिहिण्याचा कंटाळा करू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

दुसरा प्रकार याहून फसवा आहे. ‘अपडेट ऑफ वजन’ असा, म्हणजे केवळ त्या कॉलमपुरता ट्रिगर असेल आणि तुम्ही नाव न बदलता जुना कॉलम तसाच ठेवून शेजारी ‘निव्वळ_वजन’ हा नवा कॉलम सुरू केला, तर ट्रिगर शाबूत राहतो, यादीत दिसतो, चालू असल्याचेही दिसते. पण आज्ञेच्या ‘सेट’ भागात ‘वजन’ येतच नसल्यामुळे तो कधीच चालत नाही. पुढे कोणी जुना कॉलम काढायला गेले की पोस्टग्रेस अडवतो आणि ट्रिगर त्यावर अवलंबून असल्याचे सांगतो. त्याच संदेशात ‘कॅस्केड’ वापरण्याची सूचनाही येते, आणि ती घाईने मान्य केली की कॉलमबरोबर ट्रिगरही निघून जातो.

नवे टेबल बनवून, माहिती त्यात ओतून, शेवटी नावांची अदलाबदल करण्याची पद्धतही रूढ आहे. तिच्यात ट्रिगर जुन्या टेबलाबरोबरच राहतात. ‘लाइक’ आणि ‘इन्क्लूडिंग ऑल’ लिहून, म्हणजे जुन्या टेबलाचा नमुना घेऊन, टेबल बनवले तरी ट्रिगर नकलले जात नाहीत. त्या ‘ऑल’मध्ये ते मोडत नाहीत.

(पडद्यावर: पीजी_ट्रिगर)

आता शोध कसा घ्यायचा ते पाहू. ‘पीजी_ट्रिगर’ या पोस्टग्रेसच्या स्वतःच्या यादीतून आपल्या टेबलावरचे ट्रिगर काढा. त्यात फॉरेन कीसाठी, म्हणजे एका टेबलाला दुसऱ्याशी जोडणाऱ्या कॉलमसाठी, डेटाबेसने स्वतः केलेले अंतर्गत ट्रिगरही असतात, ते वगळा. ‘टीजीएनेबल्ड’ या रकान्यात ‘डी’ दिसला तर तो ट्रिगर बंद आहे. माहिती ओतताना बंद केलेला ट्रिगर पुन्हा सुरू करायचा राहून जाणे ही फार नेहमीची गोष्ट आहे. त्यानंतर ‘पीजी_प्रॉक’ या फंक्शनांच्या यादीतील ‘प्रोएसआरसी’ (prosrc) या रकान्यात जुन्या नावाचा शोध घ्या. आपल्या टेबलाचेच नव्हे, सगळ्या फंक्शनांचे मजकूर शोधा, कारण लिलावाच्या टेबलावरचा ट्रिगरही आवकेत डोकावत असू शकतो. ‘एक्सेप्शन व्हेन अदर्स’ लिहून त्रुटी गिळणारे फंक्शन सापडले तर ते आधी दुरुस्त करा. ते असेपर्यंत दुसरी कोणतीही तपासणी विश्वासार्ह नाही. ‘पीएलपीजीएसक्यूएल_चेक’ हे पोस्टग्रेसला जोडता येणारे एक्स्टेन्शन आहे. त्याला फंक्शन आणि टेबल एकत्र दिले की ते फंक्शन न चालवताच पडताळते, आणि ते जरूर वापरावे.

एवढे झाले तरी ट्रिगर प्रत्यक्ष चालवून पाहावाच लागतो. पोस्टग्रेसमध्ये रचनेचे बदलही व्यवहारात बसतात. व्यवहार सुरू करा, ऑल्टर टेबल चालवा, सुरमईची एक नोंद टाका, तिचा दर बदला, ती नोंद काढा, प्रत्येक टप्प्यावर हिशेब आणि इतिहास पाहा, आणि शेवटी रोलबॅक करा, म्हणजे सगळे पूर्ववत होईल. हे होईपर्यंत टेबल इतरांसाठी कुलूपबंद राहते, म्हणून लिलावाच्या वेळी हे करू नये. मायएसक्यूएलमध्ये अशी आज्ञा दिली की व्यवहार आपोआप पक्का होतो, तेव्हा तिथे वेगळ्या प्रतीवरच तपासा. ओरॅकल हा डेटाबेस बदललेल्या टेबलावर अवलंबून असलेल्या ट्रिगरला ‘इनव्हॅलिड’, म्हणजे अवैध, ठरवतो आणि पुढच्या वेळी पुन्हा कंपाइल करून पाहतो. ते जमले नाही तर ओआरए-०४०९८ ही त्रुटी येते. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसने ३.२५ या आवृत्तीपासून कॉलमचे नाव ट्रिगरच्या मजकुरातही बदलण्याची सोय केली आहे.

ट्रिगर दुरुस्त झाला तरी तो मागच्या नोंदींसाठी चालत नाही. मधल्या दिवसांत पडलेल्या ओळी हिशेबाबाहेरच राहतात. त्यासाठी ‘आवक’मधून प्रत्येक नौकेची बेरीज नव्याने काढा, ती ‘नौका_हिशेब’शी ताडून पाहा आणि जिथे फरक असेल तिथेच दुरुस्ती करा. रक्कम अशी परत मिळवता येते, कारण मूळ ओळी शाबूत आहेत. इतिहासाचे तसे नाही. त्या दिवसांत दुरुस्त झालेल्या ओळींची जुनी रूपे फक्त एखाद्या बॅकअपमध्येच असू शकतात, म्हणून ती पोकळी कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आहे याची लेखी नोंद संस्थेच्या दप्तरी करून ठेवा आणि त्या काळातले बॅकअप लेखापरीक्षण होईपर्यंत पुसू नका.