स्पॅनिश शिकायची ती मराठीतून

नमस्कार.

'तू'ला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात? तू. अर्थ तोच, उच्चारही तोच. स्पॅनिश लॅटिनमधून आली, मराठी संस्कृत-प्राकृतातून, आणि लॅटिन व संस्कृत एकाच भाषाकुळातल्या. म्हणून नवा म्हणजे नुएवो, दात म्हणजे दिएन्ते, मरणं म्हणजे मोरिर. असे शब्द थोडेच आहेत, त्यांच्या जोरावर भाषा येणार नाही. पण वाक्य कसं उभं राहतं, ते पाहायला लागलं की आपलं खरं भांडवल दिसतं. ते भांडवल आपण वापरत नाही, कारण आपल्या हाती पडणारी बहुतेक पुस्तकं आणि अ‍ॅप इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी बनवलेली असतात. त्यांच्या अडचणी आपण फुकट अंगावर घेतो.

माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीनं तिसऱ्या आठवड्यात फळ्यावर लिहिलं: 'यो गुस्तो लोस लिब्रोस.' तिला म्हणायचं होतं, मला पुस्तकं आवडतात. तिच्या पुस्तकात या क्रियापदावर अख्खं प्रकरण होतं, 'उलटं चालणारं क्रियापद' म्हणून. ते तिनं दोनदा वाचलं होतं. मी म्हटलं, पुस्तक मिट आणि मराठीत सांग. 'मला पुस्तकं आवडतात.' आता एकेक शब्द घे. मला, मे. आवडतात, गुस्तान. पुस्तकं, लोस लिब्रोस. मे गुस्तान लोस लिब्रोस. एकच पुस्तक असेल तर आपण 'आवडतं' म्हणतो, तिथे गुस्तानचं गुस्ता होतं. हातातला खडू तसाच धरून ती स्वतःशी पुटपुटली, 'मला आवडतं, मला आवडतात', आणि मग फळा पुसला. यात उलटं काहीच नव्हतं. इंग्रजीकडून पाहिलं म्हणून तसं वाटत होतं.

अशा जागा पुष्कळ आहेत. 'मी घर पाहतो', पण 'मी बहिणीला पाहतो'. माणूस आला की आपण 'ला' लावतो. स्पॅनिशही तेच करते: वेओ ला कासा, पण वेओ आ मी एरमाना. मधला तो 'आ' म्हणजे आपला 'ला'. लहानपणी मी खेळायचो, यातलं 'खेळायचो' म्हणजे हुगाबा, आणि काल खेळलो म्हणजे हुगे. हे दोन भूतकाळ नेमके कुठे वापरायचे, यावर पानंच्या पानं लिहिलेली असतात. बहुतेक वेळा तुमच्या कानाला ते आधीच माहीत असतं. आणि ज्याच्या नावानं सगळे घाबरवतात ते क्रियापदाचं रूप, सुब्हुन्तिवो! किएरो के वेंगास: तू यावंस अशी माझी इच्छा आहे. 'येतोस' नाही, 'यावंस'. विध्यर्थ आपण रोज वापरतो. दोन्ही भाषांतले वापर सगळीकडे जुळत नाहीत, पण ओळख तर इथूनच होते.

आदरार्थी रूपाचंही तसंच. तू आणि उस्तेद. उस्तेद हा शब्द 'वुएस्त्रा मेर्सेद' या जुन्या संबोधनाची झिजलेली रूपं होत होत आला. त्याचा अर्थ साधारण 'आपली कृपा'. म्हणून त्याच्यासोबत क्रियापद 'तो-ती'चं येतं. समोर उभ्या माणसालाच 'सरकारांनी बसावं' म्हणणाऱ्या भाषेला यात नवल कसलं?

उच्चारात तर आपण फारच नशीबवान. स्पॅनिशचे स्वर पाचच: आ, ए, इ, ओ, उ. आणि त हा आपला दाती त, ट नव्हे; द हा ड नव्हे. इंग्रजी सवयीनं शब्द वाचणारे ट-ड करत बसतात. कृपा करून तुम्ही नव्या शब्दाचा उच्चार सुरुवातीला देवनागरीत लिहून ठेवा.

आता जिथे मराठी उपयोगी पडत नाही, तिथे जरा थांबू या. 'आहे'. आपलं एकच 'आहे' स्पॅनिशमध्ये दोघांत वाटलेलं आहे, सेर आणि एस्तार. पुस्तकं सांगतात, कायमचं असेल तर सेर, तात्पुरतं असेल तर एस्तार. हा नियम मला कधीच पटला नाही. माणूस मेला आहे, याला एस्तार लागतं: एस्ता मुएर्तो. त्याहून कायमचं काय असतं? माद्रिद स्पेनमध्ये आहे, तिथेही एस्तार. त्यापेक्षा असं पाहा: वस्तू मुळात काय आहे ते सेर सांगतं, ती कुठे आणि कोणत्या अवस्थेत आहे ते एस्तार. सफरचंद 'एस बेर्दे' म्हणजे जातीचंच हिरवं. 'एस्ता बेर्दे' म्हणजे अजून कच्चं. माणूस 'एस आबुर्रिदो' असेल तर तो कंटाळवाणा, 'एस्ता आबुर्रिदो' असेल तर तो कंटाळलेला. या चुकीनं समोरचा दुखावू शकतो, म्हणून पहिल्या दिवसापासून हे दोन शब्द वेगळ्या कप्प्यात ठेवा.

दुसरी अडचण आघाताची, म्हणजे उच्चारताना अक्षरावर पडणाऱ्या जोराची. मराठीत आघात बदलला म्हणून शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपला कान तिकडे लक्षच देत नाही. आऽब्लो म्हणजे मी बोलतो. आब्लोऽ म्हणजे तो बोलला. अक्षरं तीच, फक्त जोर सरकला. लिहिताना दुसऱ्याच्या शेवटच्या ओवर तिरपी रेघ येते, ती शोभेची नाही. शब्दाच्या शेवटी स्वर, न किंवा स असेल तर जोर उपांत्य अक्षरावर, एरवी शेवटच्या अक्षरावर. हे मोडायचं असेल तिथे रेघ. मुख्य नियम एवढाच. पण तो हातापेक्षा तोंडात बसायला हवा, त्यासाठी मोठ्यानं वाचण्याला पर्याय नाही. रोज दहा मिनिटं, एकच परिच्छेद, आठवडाभर. मी स्वतः असंच शिकलो.

एक उच्चार आत्ताच करून पाहू. पेरो म्हणजे पण. पेर्रो म्हणजे कुत्रा. दुसऱ्यातला र जिभेच्या टोकावर थरथरतो. पाखरू भुर्रकन उडालं, म्हणा बरं. तोच र्र. आता पहिल्या रांगेपासून, एकेकानं: पेरो, पेर्रो.