लेबलवर छाटणीची तारीख हवी

मंडळी, दिंडोरीकडच्या वायनरीत कधी गेलेले किती जण आहात? हात वर करा. बघा, अर्धं सभागृह! शनिवारी पहाटे ठाण्याहून निघायचं, कसारा घाट चढायचा आणि जेवायला आमच्याकडे. तुमच्यासमोर बोलताना म्हणूनच घरच्यांशी बोलल्यासारखं वाटतं.

पत्रिकेवर विषय आहे 'लहान वायनरीचं वर्ष'. त्यातून मला एक मागणी मांडायची आहे. ती येईलच, आधी एक प्रसंग.

एप्रिलमध्ये घोडबंदर रोडचं एक कुटुंब आलं होतं. आजी, मुलगा, सून, नातू. बागेच्या तोंडाशीच आजी थबकल्या. वेलींवर ना पान, ना घड. नुसते उघडे ओलांडे, म्हणजे वेलीच्या जाड आडव्या फांद्या, आणि खाली छाटलेल्या काड्यांचे ढीग. त्यांनी माझ्या आईचा हात धरला. "अहो, बाग जळाली का तुमची?"

आई म्हणाली, "नाही हो आजी, आजपासून तिचं वर्ष सुरू झालंय."

ही खरड छाटणी. फ्रान्समध्ये हिवाळा वेलीला झोपवतो. नाशिकला तेवढी थंडी पडत नाही, वेल पालवतच राहते. म्हणून तिला ऋतू आम्ही कात्रीने देतो. वर्षातून दोनदा छाटणी, पीक मात्र एकच. एप्रिलनंतर नवी काडी वाढते आणि साधारण 40 ते 60 दिवसांत तिच्या डोळ्यांमध्ये, म्हणजे जिथून पुढे कोंब फुटतो तिथे, पुढच्या हंगामाचा घड तयार व्हायला लागतो. सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात तिला. त्या दिवसांत आभाळ भरून राहिलं, ऊन कमी पडलं, की घड कमी होतात. सप्टेंबरात आम्ही काड्या प्रयोगशाळेत पाठवतो. तिथे डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली घड आहे की नाही ते बघतात.

आजी मग बागेतून हलल्याच नाहीत. सुरगाण्याहून आलेल्या छाटणीच्या टोळीतल्या बायकांपाशी बसल्या. या काड्यांचं काय करता? चुलीला नेता? हात दुखतात का? त्या बायकांना असं कुणी विचारत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. पाहुणे जानेवारी-फेब्रुवारीत येतात, द्राक्षं तुडवून फोटो काढतात (तो रस आम्ही बाटलीत भरत नाही, काळजी नसावी), आणि वाइन ज्यांच्या हातावर उभी आहे ती माणसं तोवर दिसेनाशी झालेली असतात. नातू मात्र रुसला, त्याला तुडवायचंच होतं!

चिठ्ठी आली. पाचच मिनिटं? बरं.

पावसाळा म्हणजे केवडा, भुरी हे वेलीचे बुरशीचे रोग आणि फवारणी. मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण आपल्याकडे प्रत्येक बागाईतदाराला ठाऊक आहे. ते फ्रान्समधल्या बोर्डोच्या वाइनच्या मळ्यांतलंच. वाटसरूंनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर ते शिंपडायचे, आणि त्याच वेली केवड्यातून वाचल्या. मिलार्दे नावाच्या शास्त्रज्ञाने 1880 च्या दशकात ते हेरलं.

मग सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरी, घड फुटण्यासाठीची गोडी छाटणी. थंडी नसल्यामुळे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला पेस्ट लावायची. तिथून चार-पाच महिन्यांत काढणी, तीही गारव्यात, पहाटे. पांढऱ्या वाइनला रस सालीवरून लगेच काढतात. लालला साल सोबतच आंबवतात, कारण रंग सालीत असतो.

आता मागणी. बाटलीवर 2024 लिहिलेलं असतं ते काढणीचं साल. पण फेब्रुवारी 2024 मध्ये तोडलेला घड डोळ्यात धरला 2023 च्या उन्हाळ्यात आणि फुटला 2023 च्या ऑक्टोबरात. त्या हंगामाचं बरंचसं नशीब लेबलवर नसलेल्या सालात ठरलं. गोडी छाटणी लवकर केली तर कोवळे घड परतीच्या पावसात सापडतात, कुजतात. उशिरा केली तर पिकताना मार्चचं ऊन लागतं, साखर चढते, आंबटपणा उतरतो. म्हणजे चव कळायला छाटणीची तारीख हवी, आणि ती बाटलीच्या मागच्या बाजूच्या लेबलवर छापायला एक ओळ पुरते.

माझा भाऊ म्हणतो, गिऱ्हाइकाला काय कळणार? मी म्हणतो, आजींना एका दुपारीत कळलं. 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर नाशिकला इतक्या वायनऱ्या उभ्या राहिल्या, पण आम्ही लेबलं अजून परदेशी ऋतूंच्या हिशेबाने छापतो. पुढच्या हंगामापासून आमच्या बाटलीवर दोन्ही छाटण्यांचे दिवस येतील, भावालाही मी राजी करीन. तुम्ही मात्र बाटली घेताना, कुणाचीही असो, दुकानदाराला विचारा: हिची गोडी छाटणी कधीची? चार जणांनी विचारलं की तो आम्हाला फोन करील.